दरबारातला कारखाना

पहिल्या पानावर एक मासा. दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, असे करत करत दहाव्या पानावर दहा मासे. मग प्रधान, आणि सर्वात शेवटी राजा, म्हणजे साक्षात मत्स्यावतार. ही झाली बारा पाने. मग कासव घ्यायचे आणि पुन्हा एकापासून सुरुवात. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, एकूण १२० पाने. सगळी गोल, सगळी हाताने रंगवलेली. याला म्हणतात दशावतारी गंजिफा.

आयुष्यभर मास्तरकी केल्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. एक ते दहाची बेरीज पंचावन्न. दहा रंगांचे झाले साडेपाचशे. म्हणजे एक संच पुरा करायचा तर चिताऱ्याने ५५० बारीक चित्रे काढायची आणि वर वीस मोठी, दहा राजे आणि दहा प्रधान. आणि एवढे करून ती एकाच हाताची वाटली पाहिजेत. एका कासवाची मान जरा लांब झाली तर चालेल एक वेळ, पण पाठीमागची बाजू मात्र १२० पानांची अगदी सारखी हवी. नाही तर समोरचा भिडू पाठ बघूनच पान ओळखायचा!

या खेळाबद्दल मराठीत थोडेफार लिहिले गेले आहे. मला आज लिहायचे आहे ते मुख्यतः तो बनवणाऱ्या कारखान्याबद्दल. कारखाना म्हटल्यावर धुराडे, भोंगा असे काही डोळ्यासमोर येईल, तर तसे नाही. सावंतवाडीच्या राजवाड्यातला दरबार हॉल, खाली बसून रंगवणारी माणसे, समोर रंगांच्या वाट्या. बस्स, एवढाच कारखाना. पण खेळ तयार करून विकणे हाच त्याचा धंदा, आणि तो चालवण्यातल्या अडचणी मोठ्या कंपन्यांच्या अडचणींपेक्षा काही कमी नाहीत.

आमच्या रत्नागिरीकरांना सावंतवाडी आता परक्या जिल्ह्यातली वाटते. पण १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत ती आपल्याच जिल्ह्यात होती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत भूगोल शिकवताना मी फळ्यावर जो रत्नागिरी जिल्हा काढायचो, तो पार बाणकोटच्या खाडीपासून गोव्याच्या हद्दीपर्यंत लांबलचक असायचा. फळा पुरायचा नाही. असो.

गंजिफा आपल्याकडे आला तो मोगलांबरोबर. बाबराच्या आठवणींत १५२७ सालची नोंद आहे, सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची. त्याला हा खेळ आवडत होता आणि त्याने तो मागवला होता. पुढे अकबराच्या दरबारातल्या गंजिफाचे वर्णन अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त केले आहे. त्यात बारा रंग आणि १४४ पाने होती. अश्वपती, गजपती, नरपती अशी त्या रंगांच्या राजांची नावे वाचली की हा खेळ किती लवकर इथल्या मातीत मिसळू लागला होता ते कळते. नंतर सर्वत्र पसरला तो आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगली गंजिफा. ताज, शमशेर, गुलाम, चंग अशी त्याच्या रंगांची नावे.

मग आपल्या लोकांनी काय केले, तर खेळ ठेवला आणि चित्रे बदलली. ताज आणि गुलाम जाऊन मत्स्य आणि कूर्म आले. आठाचे दहा रंग झाले. हे नेमके कोणी, कुठे केले याच्या वादात मी पडत नाही. पण हे करणाऱ्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक होता एवढे खरे. पत्ते म्हणजे वाया गेलेल्यांचा उद्योग, ही समजूत आपल्या घरांत पूर्वीपासून. "पत्ते कुटत बसलाय" हे वाक्य मी वडिलांच्या तोंडून किती वेळा ऐकले असेल! पण हातात राम, कृष्ण, नरसिंह असतील आणि प्रत्येक पान टाकताना देवाचे नाव घ्यावे लागत असेल, तर वडिलांनी तरी काय बोलायचे? जुगाराचा आळ टाळायचा आणि पुण्यही पदरात पाडायचे, दोन्ही कामे एकदम.

आणि आमच्या दक्षिण कोकणात तर दशावतार घरचेच. जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतारी नाटक उभे राहते, तेच अवतार पानांवर. परशुराम तर आम्ही आमचाच समजतो. समुद्र हटवून ही भूमी त्याने मिळवली म्हणतात. गंजिफात त्याचा रंग परशूचा.

आता खेळ कसा खेळतात ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे कळायचे नाही. खेळाडू तीन. प्रत्येकाला चाळीस पाने. (गोल पाने चाळीस, हातात धरून बघा एकदा!) आपल्या नेहमीच्या पत्त्यांत हुकुमाचा एक रंग असतो, तसा यात नाही. उतारीच्या रंगाचे वरचे पान हात जिंकते. प्रत्येक रंगात राजा सर्वात मोठा, त्याखालोखाल प्रधान. खरी मेख त्याच्या खाली आहे. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन या पहिल्या पाच अवतारांत दश्शा मोठा आणि एक्का सर्वात लहान. परशुरामापासून कल्कीपर्यंतच्या पाचांत उलटे, म्हणजे एक्का मोठा आणि दश्शा लहान. दिवसा खेळायला बसलात तर ज्याच्याकडे राम असेल त्याने सुरुवात करायची, रात्री बसलात तर कृष्णवाल्याने. रामाचा जन्म माध्यान्हीचा आणि कृष्णाचा मध्यरात्रीचा, तेव्हा हे लक्षात ठेवायला सोपे.

आणि सगळा खेळ स्मरणाचा. कोणत्या रंगातली कोणती पाने पडून गेली, आता त्या रंगात सर्वात वर कोण उरला, हे १२० पानांचे डोक्यात ठेवायचे. दहा रंग, त्यातले पाच सुलटे, पाच उलटे. परीक्षेला बसवावे असा खेळ आहे.

सावंतवाडीत ही कला स्थिरावली ती अठराव्या शतकात, भोसल्यांच्या आश्रयाने, असे मानतात. तिसरे खेम सावंत १७५५ ते १८०३ गादीवर होते. लाखकाम करणारे चितारी गावात वसले, त्यांची चितार आळी झाली. आजही ती आळी आहे आणि तिथली लाकडी फळे, भाज्या, भातुकली, पाट, चौरंग महाराष्ट्रभर माहीत आहेत. खेळण्यांसाठी पांगाऱ्याचे लाकूड वापरीत. ते हलके, कोरायला सोपे. गंजिफाचे पान मात्र लाकडाचे नव्हे. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर पांढरा लेप द्यायचा, दगडाने घोटून घोटून गुळगुळीत करायचे, गोल कापायचे. मग रंग, मग बारीक कुंचल्याने चित्र आणि शेवटी लाखेचा हात. चिंचोक्याची खळ म्हटले की आमच्या पिढीला पाटीपुस्तकांची पुठ्ठे-चिकटवणी आठवेल. तीच ही खळ.

मग आले छापील पत्ते. चौकोनी, बावन्न पानांचे, खिशात मावणारे आणि स्वस्त. इस्पिक, किलवर ही परकी नावे आपण अशी पचवली की ती मराठीच वाटतात. त्यांच्यापुढे हाताने रंगवलेले १२० पानांचे संच कसे टिकणार? गिऱ्हाईक गेले तसे चितारी दुसऱ्या कामांकडे वळले. पाट रंगवायला लागले, देव्हारे करायला लागले. यात कोणाचा दोष आहे असे मला वाटत नाही. पोट कोणाला चुकले आहे?

१९३७ साली शिवरामराजे भोसले गादीवर आले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. कारभार आई पार्वतीदेवी बघत. स्वातंत्र्यानंतर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे शिवरामराजे आमदार झाले, शिक्षणाच्या कामात राहिले. त्यांच्या पत्नी सत्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या. या दोघांच्या लक्षात आले की गंजिफा करणारे हात जवळजवळ संपले आहेत. पुंडलिक चितारी नावाचे एक वृद्ध कारागीर होते, त्यांना ती सगळी विद्या येत होती. राजा-राणी त्यांच्याकडून शिकले. हे मला फार मोलाचे वाटते. देणगी देऊन, सत्कार करून, शाल पांघरून मोकळे होता आले असते. तसे न करता हातात कुंचला धरला. मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यातच 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' या नावाने काम सुरू झाले. गावातली मुले-मुली शिकून रंगवू लागली.

त्याच सुमारास, १९७१ च्या डिसेंबरात, घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीने देशभरच्या संस्थानिकांचे तनखे बंद झाले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे मी म्हणत नाही. पण ज्या दरबारात पूर्वी मुजरे होत, तिथे रोजच्या रोज काम करणारी आणि विकून कमावणारी माणसे बसली हे दृश्य मला त्या काळाचे चित्र म्हणून फार बोलके वाटते. कितीतरी वाडे त्याच काळात कुलूप लागून पडले.

गंजिफाच्या नशिबाने याच काळात त्याला एक जाणकारही भेटला. रुडॉल्फ फॉन लायडन हा मूळ जर्मन माणूस, १९३३ साली मुंबईत आला आणि इथलाच झाला. चित्रकलेचा समीक्षक, व्यंगचित्रकार आणि पोटासाठी कंपनीत जाहिरातीचे काम बघणारा. याने भारतभर हिंडून गंजिफा जमवले, त्यांचा अभ्यास केला. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाने त्याचे गंजिफांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. आपला खेळ आपल्याला समजावून सांगायला जर्मन माणूस लागला, याचे वाईट वाटून घ्यायचे की बरे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता थोडे विषयांतर. आमचा एक भाचा बरीच वर्षे अमेरिकेत आहे. गंजिफाबद्दल मी फोनवर बोलत होतो तर तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे पिनबॉलचे अगदी असेच झाले." मला पिनबॉल काय ते धड माहीत नव्हते. त्याने सांगितले तेव्हा ओळख पटली. लहानपणी आम्ही फळीवर खिळे ठोकून, गोटी सोडून, ती कुठल्या खणात पडते त्यावर गुण मोजायचो. दुकानात त्याला बॅगाटेल म्हणत. त्याचाच हा मोठा भाऊ. १८७१ साली माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या माणसाने गोटी उडवायच्या स्प्रिंगच्या दांड्यासह त्याचे पेटंट घेतले. १९३१ साली शिकागोच्या गॉटलिबने 'बॅफल बॉल' काढला आणि मंदीच्या दिवसांत तो हजारोंनी खपला. १९४७ साली त्याला ते बटण दाबून हलणारे पंख लागले.

आणि गंमत पाहा, तिकडेही पत्ते कुटण्याचाच आरोप! न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ साली हा जुगार आहे म्हणून बंदी घातली, घणाने यंत्रे फोडतानाचे त्यांचे फोटो आहेत. ती बंदी उठली १९७६ साली, आणि तीही एका खेळाडूने अधिकाऱ्यांसमोर खेळून हा नशिबाचा नसून कौशल्याचा खेळ आहे हे दाखवल्यावर. त्यांच्या यंत्रावर अवतारांची चित्रे नव्हती ना.

पुढे व्हिडिओ गेम आले आणि पिनबॉलची गत आपल्या गंजिफासारखी झाली. १९९९ साली विल्यम्स या बड्या कंपनीने पिनबॉल बंद केला. त्यानंतर बराच काळ नाव घेण्यासारखा एकच कारखाना उरला. मग खेळाच्या नादी लागलेल्या लोकांनी स्वतःच लहान लहान कंपन्या काढल्या. विस्कॉन्सिन राज्यातल्या बेंटन या चिमुकल्या गावात स्पूकी पिनबॉल नावाची अशीच एक घरगुती कंपनी निघाली. तिने पहिल्या खेळाची अवघी १५० यंत्रे काढली. एका यंत्रात हजारो सुटे भाग, आणि अशी यंत्रे मोजकीच बनवायची. भाचा म्हणाला, अशा काही कंपन्या गिऱ्हाइकांचे आगाऊ पैसे घेऊन बुडाल्यासुद्धा. खेळाची आवड असणे वेगळे आणि खेळाचा कारखाना चालवणे वेगळे.

ऐकताना मला एकच फरक जाणवत राहिला. बेंटनचे १५० यंत्रे घेणारे गिऱ्हाईक ते घरी नेऊन खेळते. बिघडले तर आरडाओरडा करते, कंपनीला पत्रे लिहिते. सावंतवाडीचा गंजिफा घेणारे गिऱ्हाईक काय करते? बहुतेक जण काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावतात. कारखान्याला त्यात वावगे वाटायचे कारण नाही, माल खपला. पण खेळाच्या दृष्टीने तो संच त्या दिवशी मेला.

मी स्वतः दरबार हॉल पहिल्यांदा पाहिला तो शाळेची सहल घेऊन गेलो तेव्हा. मुले लाकडी केळी आणि वांगी घेण्यात गुंग. मी रंगवणाऱ्या मुलीच्या मागे उभा राहून बघत होतो. ती कृष्णाच्या रंगाच्या गायी काढत होती, आठव्या पानाच्या आठ गायी, ओळीने, न मोजता. तिला विचारले, तुला खेळता येतो का हा? हसली आणि मान हलवली. नाही.

बाहेर मोती तलावाच्या काठावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बोलता बोलता कळले की त्यांनी लहानपणी घरात गंजिफाचा डाव पडलेला पाहिला होता, स्वतःही थोडे खेळले होते. आता का नाही खेळत, विचारले. ते म्हणाले, "खेळूक तीन माणसा होयी. तिसरो खंयसून हाडू?"

तिसरा भिडू हीच खरी अडचण. चित्र काढणारा एकटा शिकवता येतो, राजवाड्याने ते करून दाखवले. खेळाडू तयार करायचे तर एकदम तिघे लागतात, आणि तिघांना चाळीस-चाळीस पाने सांभाळण्याइतका निवांत वेळ. ओडिशात, पुरी-गंजामकडे, हा खेळ अजून काही ठिकाणी पारावर बसून खेळतात. तिथे पाने साधी असतात, वापरून मळलेली. बंगालात विष्णुपूरला दशावतारी पाने होतात, तीही आता मुख्यतः शोभेसाठीच. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वोडेयारांनी तर नवे नवे खेळ रचले. त्यातल्या एकाची ३२० पाने! तो कोण खेळत असेल देव जाणे. राजाने बोलावले की तिसरा भिडू मिळत असावा.

राजवाड्याने जे केले ते मला धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचे वाटते. नुसत्या दशावतारी संचावर कारखाना चालला नसता. म्हणून त्यांनी नवग्रहांचे १०८ पानांचे संच केले, गंजिफाच्या धर्तीवर बावन्न पानांचे नेहमीचे पत्ते रंगवले, डबे, चौरंग, दिव्यांचे खांब केले. काही शुद्धतावादी मंडळी यावर नाक मुरडतात. मी मुरडत नाही. रंगवणाऱ्या मुलीचा महिन्याचा पगार त्या डब्यांतून निघत असेल, तर तिचा हात गायी काढायला शिल्लक राहतो. हात शिल्लक राहिला नाही की काय होते ते एकदा पाहून झाले आहे. पुंडलिक चितारी आणखी पाच-दहा वर्षे आधी गेले असते तर आज हे लिहायला विषयच उरला नसता.

शिवरामराजे १९९५ साली गेले, सत्वशीलादेवी २०१८ साली. पुढची पिढी काम चालवते आहे. राजवाड्याच्या एका भागात आता पाहुण्यांना राहायची सोय केली आहे, तिथेही गंजिफाचीच चित्रे आहेत असे ऐकतो. चांगले आहे. माझी एकच तक्रारवजा विनंती असते, तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. संच घेतलात तर नियमांचा कागद मागून घ्या, आणि घरी पोचल्यावर पाने डब्यातून बाहेर काढा. लाखेचा हात त्यासाठीच दिलेला असतो. पूर्वी बोटांच्या घामाने पाने खराब होऊ नयेत म्हणूनच तो देत. चौकटीतल्या पानाला लाख कशाला हवी?

आमच्या घरी एक संच आहे. लहान आकाराचा, महाग नव्हे. आमच्या सौ.ला राम-कृष्णाचा नियम आवडला, दश्शा-एक्क्याचा उलटासुलटा प्रकार मात्र तिला अजून पटलेला नाही. "देवांत असा भेदभाव कशाला?" हा तिचा प्रश्न, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. दोघांत खेळून बघितले, पण साठ-साठ पाने धरवत नाहीत आणि मजाही येत नाही. तेव्हा दिवाळीत रत्नागिरीला येणाऱ्या सर्वांना आगाऊ सूचना. मत्स्य ते वामन दश्शा मोठा, परशुराम ते कल्की एक्का मोठा, एवढे पाठ करून या. जेवणानंतर बसायचे आहे, म्हणजे उतारी कृष्णाची.